हाताला विचारणारे मामा

माझ्या सासऱ्यांनी मला पहिला प्रश्न विचारला तो उंबऱ्यावर. लग्न लागून मी सासरी आले होते. पुढ्यात तांदळाचं माप भरून ठेवलेलं आणि 'उजवा पाय आधी' हे आईनं निघताना सतरा वेळा बजावलेलं. मी पाय उचलला, तेवढ्यात शेजारून आवाज आला, "थांब गं पोरी. हा उजवाच हाय हे तुला कळलं कसं? इचार करून उचललास का आपसूक?" मी खरंच विचार करायला लागले आणि त्या गडबडीत माप लवंडलं ते डाव्या पायानं. सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. सासरे मात्र खुशीत होते. "बगा," ते जमलेल्या पाहुण्यांना म्हणाले, "पायाला इचारलं की पाय गोंधळतो."

आमच्याकडे सासऱ्याला मामा म्हणतात आणि सासूला आत्या. आमचं घर मेंढरांचं. तलवाड्याच्या पुढे माळाला लागून दोन खोल्या, थोडी कोरडवाहू जमीन आणि शंभराच्या आसपास मेंढरं. मेंढरांमागे चालणाऱ्या माणसाला दिवसभर वेळच वेळ असतो. बाकीचे त्या वेळात तंबाखू मळतात. मामाही मळायचे, पण मळताना स्वतःच्या अंगठ्याकडे असे टक लावून बघायचे की तंबाखू वाऱ्यावर जायची. रोज सकाळी ते एक काम निवडायचे. "आज लोटा," असं जाहीर केलं की दिवसभर लोटा कोणत्या बोटांनी धरला, ओठाला लागायच्या आधी तोंड कधी उघडलं, हे सगळं बघायचं. दुसऱ्या दिवशी धोतराची गाठ. तिसऱ्या दिवशी वहाण. 'हे कशासाठी?' असं मी एकदा विचारलं, तेव्हा म्हणाले, "हात लई शाना असतो, पर मुका असतो. त्याला इचारल्याबगर त्यो काई सांगत न्हाई."

ही चौकशी त्यांनी स्वतःपुरती ठेवली असती तर कुणाची हरकत नव्हती. एकदा सकाळी त्यांनी आत्यांना विचारलं, "निऱ्या घालताना तू मोजतीस का गं?" आत्यांनी आयुष्यात निऱ्या मोजल्या नव्हत्या. त्या दिवशी मोजल्या. संध्याकाळपर्यंत त्यांचं लुगडं तीनदा सुटलं, त्यातलं एकदा भर पाणवठ्यावर. त्यानंतर आठ दिवस आत्या मामांना ताट वाढायच्या त्या भिंतीकडे तोंड करून. "मेंढरामागं फिरून फिरून माणसाचं डोस्कं असं व्हतं," आत्या मला सांगायच्या, मामांना नीट ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

निवडणुकीच्या दिवसांत एक पुढारी आमच्या दारात आले होते. सगळे त्यांना नाना म्हणायचे. गाडीतून उतरल्यापासून त्यांचे हात जोडलेले, मान डावीकडून उजवीकडे फिरत होती. मामांनी त्यांना बाजेवर बसवलं, चहा दिला आणि अगदी नम्रपणे म्हणाले, "नाना, आत्ता तुमी पाच जणांना रामराम घातला. त्यातला एक आमचा मेंढा व्हता." कार्यकर्ते हसू दाबत चपला शोधायला लागले. नाना मात्र दिलखुलास हसले. पुढच्या वेळी आले तेव्हा त्यांनी प्रत्येकाच्या तोंडाकडे नीट बघून हात जोडले आणि मेंढ्याला वगळलं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. माझी शाळा शिरूर कासारच्या बाजूला होती. 'शिकलेल्या माणसाला असल्या गोष्टींची गरज नसते,' असं माझं मत होतं आणि ते मी लपवत नव्हते. मामांनी एकदा विचारलं, "हजेरी घेताना तुझं तोंड कुणीकडं असतं?" मी म्हटलं, "पोरांकडे, अजून कुणीकडे?" दुसऱ्या दिवशी मुद्दाम लक्ष दिलं, तर माझं तोंड रजिस्टरकडे होतं. वर बघितलं आणि कळलं, एका मुलीच्या नावाला तिची मैत्रीण 'हजर' म्हणत होती. ती मुलगी आईबापांबरोबर ऊसतोडीला जाऊन चार दिवस झाले होते. तिच्या आजीला गाठून, मिनतवाऱ्या करून मी तिला परत आणवली. घरी आल्यावर हे मामांना सांगितलं नाही. आपली चूक सासऱ्याला सांगायला मोठं मन लागतं, ते माझ्याकडे नव्हतं. आज वाटतं, सांगायला हवं होतं.

मग एका सकाळी मामा दारातच कोसळले. अर्धांगाचा झटका. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, बोलणं जड झालं. अंबाजोगाईच्या दवाखान्यात पंधरा दिवस काढले. तिथे व्यायाम शिकवणारी एक तरुण डॉक्टर यायची. ती म्हणाली, "बाबा, आता डाव्या हातानं गुंडी लावायला शिकायचं. हळूहळू जमेल." मामा अडखळत तिलाच सांगायला लागले, आधी अंगठ्याच्या टोकानं भोक हुडकायचं, मग गुंडी आडवी धरायची, मग मधल्या बोटानं मागून लोटायची. मुका हात इतकी वर्षं जे सांगत आला होता, ते सगळं त्यांच्याजवळ शाबूत होतं. डाव्या हाताला त्यांनी ते एकेक करून शिकवलं. ती पोरगी बघतच राहिली. "बाबा, हे तुम्हाला कुणी शिकवलं?" मामा म्हणाले, "दुसरा धंदा न्हवता, बाई."

घरी आल्यावर खरा प्रश्न पुढे आला. तोवर मेंढरं माझे चुलत दीर राखत होते, पण दसरा झाला की तेही ऊसतोडीला जाणार होते. आमच्या ह्यांनी वडिलांना स्पष्ट सांगितलं, "दादा, मेंढरं इकून टाकू." मामा दोन दिवस जेवले नाहीत. त्यांचं सगळं आयुष्य त्या कळपामागे गेलं होतं. शेवटी हे नरमले. म्हणाले, "बरं. दसऱ्याच्या आदी एक दिवस एकट्यानं माळावरनं मेंढरं घरी आणून दाखवा. आणली तर न्हाई इकणार."

त्या दिवशी मामा काठी टेकत, पाय ओढत निघाले. मेंढरं कोंडायच्या वाडग्याचं फाटक डाव्या हातानं उघडलं. आम्ही तिघं लांबून मागे होतो. दिवस नीट गेला. उन्हं उतरली, मेंढरं उतारावर पांगलेली होती. त्यांना वळवायला मामांनी हाक द्यायला तोंड उघडलं आणि नुसता वारा बाहेर आला. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा वारा. मेंढरं चरतच राहिली. मामा दगडावर बसले. आम्ही धावत गेलो, तर त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "हाताकडं बगितलं, पायाकडं बगितलं," ते म्हणाले, "तोंडाकडं बगायचं ऱ्हायलं. सोताचं तोंड सोताला कुटं दिसतं? म्या कसा आवाज देत व्हतो, ते मलाच ठावं न्हाई."

हे मान फिरवून उभे राहिले. मला ह्यांचा राग आला होता आणि ह्यांचं चूक आहे असंही म्हणता येत नव्हतं.

तेवढ्यात आत्या पदर खोचत पुढे आल्या. "जीभ टाळूला लावायची," त्या मामांना म्हणाल्या, जशी मी पहिलीच्या पोरांना बाराखडी सांगते. "वारा डाव्या गालात धरायचा. दोनदा आखूड, मंग एकदा लांब. आन् लांब देताना खालचा व्हट म्होरं काढायचा." मामांना ते जमलं नाही. ओठ ऐकत नव्हता. तेव्हा आत्यांनीच उताराकडे तोंड करून हाक दिली. हुबेहूब मामांची हाक. शंभर माना एकदम वर झाल्या आणि मेंढरं निमूट वळली.

मामा मेंढरांकडे बघतच नव्हते. ते आत्यांकडे बघत होते. "तू हे कवा शिकलीस गं?"

"शिकायचं काय त्यात?" आत्या फणकारल्या. "रोज दिवस बुडताना फाटकात हुबं ऱ्हाऊन तुमी कळप आत घेताव. म्या चुलीम्होरनं बगती. हाक आली की तवा ठिवायचा. तुमी जगाला इचारत फिरलाव, मला एकदा तरी इचारलं का, तू काय बगतीस म्हणून?"



मेंढरं विकली नाहीत. ह्यांची अट 'एकट्यानं' अशी होती, पण त्याची आठवण कुणी काढली नाही, ह्यांनीही नाही. पुढची चार वर्षं दोघं मिळून माळावर जायची. मामा काठी टेकत पुढे, आत्या हाक द्यायला मागे, आणि जाता येता भांडण. गेल्या उन्हाळ्यात मामा झोपेतच गेले. आत्यांनी तेराव्यापर्यंत डोळ्यांतून टिपूस काढला नाही. चौदाव्या दिवशी मेंढरं घेऊन निघाल्या. मीही बरोबर गेले. संध्याकाळी त्यांनी दोन आखूड हाका दिल्या, मग क्षणभर मान खाली घातली, आणि मग लांब हाक दिली.

"आत्या," मी विचारलं, "लांब हाकेच्या आधी तुम्ही मान खाली का घातली?"

"म्या?" त्या म्हणाल्या. त्यांना माहीतच नव्हतं. उताराकडे बघितलं आणि मग एकदम त्यांना रडू फुटलं.

"ते घालायचे," त्या म्हणाल्या.