ह्यांचा झेंडेवाला

आमच्या ह्यांनी उमेदीची सगळी वर्षं शेतांवर औषध फवारणारं विमान चालवलं. एकावर एक असे दोन पंख असलेलं, बोजड, खडखडणारं. मी नारायण पेठेतली. स्थळ सांगून आलं तेव्हा मामा म्हणाले होते, "वैमानिक आहे हे ठीक, पण हा कपाशीवर घिरट्या घालतो!" नंतर आम्ही विमानतळाजवळ, विश्रांतवाडीत राहायला आलो. डोक्यावरून मोठी विमानं जायची, त्यांना हे नावं ठेवायचे. "एवढ्या उंचावरून कसलं उडणं! खाली माणूस दिसला पाहिजे."

तो माणूस म्हणजे झेंडेवाला. शेताच्या कडेला पांढरं फडकं हलवत उभा. हे त्याच्यावर नेम धरून यायचे आणि विमान जवळ आलं की त्याने पुढच्या पट्ट्याकडे सरकायचं, नाहीतर औषध अंगावर. त्याच्याइतका विश्वास ह्यांनी कुणावरच टाकला नाही. माझ्यावर तर नाहीच नाही.

गेल्या वर्षी ह्यांची आठवण विस्कटली. मला ओळखेनात. "आपण कोण?" असं अदबीने विचारायचे. उभ्या संसारात मिळाला नाही तो मान आत्ता! खोलीतून हलायचे नाहीत, हाताला धरलं तर ढकलून द्यायचे. मुलगा म्हणाला, "आई, बाबांना संस्थेत ठेवू या. त्यांना तू कोण तेच कळत नाही."

"मला कळतं ना, ते कोण!" मी खेकसले. पण आतून पार खचले होते. जाण्याआधी एकदा, एकदाच त्यांनी मला ओळखावं, एवढंच देवाकडे मागत होते.

एके सकाळी मी बाल्कनीत ओला पंचा झटकत होते. हे पलंगावरून उठले आणि नाकासमोर चालत थेट माझ्यापाशी आले. "सरक की रे!" मी सरकले. मग काय, आंघोळ, जेवण, गोळ्या, सगळं पंच्यावर सुरू झालं. मी पंचा हलवत पुढे, हे मागून. शेजारणीने दारातून विचारलं, "काय हो, हे काय चाललंय?"

म्हटलं, "फवारणी."

मुलाने संस्थेचा विषय पुन्हा काढला नाही.

दिवाळीनंतर त्यांनी अंथरूण धरलं. शेवटच्या दुपारी मी पायथ्याशी पंचा घेऊन उभी राहिले. उठणं शक्यच नव्हतं, पण डोळे उघडले.

"हा शेवटचा पट्टा," ते म्हणाले. "तू घरी जा आता. एक काम कर. पुण्यात माझी बायको आहे, तोंडाने फटकळ आहे, घाबरू नकोस. तिला सांग, मला यायला उशीर होईल. माझ्यासाठी उपाशी बसू नकोस म्हणावं. बसते ती. वेडी आहे."

पंचा मी खाली ठेवला नाही.

"सांगतो, साहेब," मी म्हणाले.