मुंडावळ्यांची चौकशी

ये गं, अशी जवळ सरक. नुसता भाव विचारायला दुकानात जातेस आणि नाव, नंबर, घरचा पत्ता सगळं देऊन येतेस. मग दिवसभर फोन वाजतात म्हणून माझ्याकडे कुरकुरतेस! माझ्या नणंदेच्या दिरांकडून शीक जरा. अख्ख्या गिरगावात ऐकलेलं पोटात ठेवणारा तेवढा एकच माणूस, बाकी आम्ही सगळे चाळणीच्या जातीचे.

ठाकूरद्वारला त्यांचं लग्नसामानाचं दुकान. अंतरपाटाचा भाव विचारला की दुसरा कुणीही "कुणाचं ठरलं?" म्हणून पुढे वाकेल, हे मात्र वर बघत भाव सांगतात, जणू पंख्यालाच अंतरपाट विकताहेत. एकदा एका नवरीची आई आणि मामी, एकमेकींपासून लपवून, एकाच दुपारी रुखवतासाठी अगदी सारख्या दोन-दोन समया घेऊन गेल्या. ह्यांनी ब्र काढला नाही. रुखवतात चार समया एका रांगेत! दोघी आजही त्यांना शिव्या घालतात आणि खरेदीला मात्र तिथेच जातात. वस्तू नसली तरच हे विचारणार, "आली की कळवू? कुठल्या वेळी?" हो म्हटलं तर चिठ्ठी लिहायची, त्या वस्तूपुरता एकच फोन करायचा, मग चिठ्ठी फाडून तुकडे खिशात. "कचऱ्यालाही वाचता येतं, वहिनी," म्हणतात.

आता माझंच बघ. छप्पन्नाव्या वर्षी, वैधव्याची नऊ वर्षं काढून, मी पुन्हा लग्न ठरवलं होतं. मुलाला सांगायचं होतं, पण जीभ रेटत नव्हती. त्याने ते माझ्याच तोंडून ऐकावं, दुसऱ्या कुणाच्या नाही, एवढाच माझा हट्ट. आणि अशात सासरच्या नात्यातल्याच दुकानात जाऊन म्हटलं, "भाऊजी, साध्या मोत्यांच्या मुंडावळ्या. मोठ्या वयाला शोभतील अशा."

पंख्याकडे बघत म्हणाले, "पुढच्या आठवड्यात येतील. कळवू?"

मी घरचा नंबर आणि मुलगा कामावर असतो ती वेळ सांगितली, त्यांनी चिठ्ठी लिहिली. तेवढ्यात त्यांचा पुतण्या, दुकानातला भागीदार, टॅब घेऊन पुढे. "काका, तो नंबर इकडे द्या. ह्याला बायर इंटेंट डेटा म्हणतात, गिऱ्हाईकाच्या मनातलं आधीच कळतं! हॉलवाले, केटरर, फोटोवाले, सगळ्यांना हवाय."

झालं! संध्याकाळी घरी केटररचा फोन आणि उचलणार माझा मुलगा!

"मनातलं मला चाळीस वर्षं कळतंय रे," भाऊजी म्हणाले. "त्यांनी मुंडावळ्या विचारल्या, हॉल नाही."

"काका, समोरचा दुकानदार हेच करतो! गिऱ्हाईक तिकडे चाललंय."

"जाऊ दे." आणि काय केलं असेल? चिठ्ठीची विड्यासारखी घडी करून तोंडात टाकली! चावत चावत मला म्हणाले, "नंबर पाठ झालाय."

त्याच रात्री मी मुलाला सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "त्यांना आपलं तिखट कालवण चालतं ना?" मी पदराने डोळे पुसले आणि हसले.

पुतण्याही आता आधी गिऱ्हाईकाला विचारतो आणि मगच लिहून घेतो. समोर मात्र गर्दी जास्त, हे खरं. भाऊजींचे गुडघे गेलेत, दुपारनंतर दुकान बंद असतं. तरी सकाळी कुणीतरी दबक्या आवाजात काहीतरी विचारायला येतंच. ते आहेत तोवर एकदा बघून घे त्यांना. ह्या रविवारीच ये, सकाळी. आपण दोघी चालत जाऊ.