कथबर्टच्या हातातली टेप

डरहॅमच्या खाणीतून निवृत्त झालेला कथबर्ट रेन गावच्या लीक प्रदर्शनात एकवीस वर्षं मोजायची टेप धरत होता. लीक म्हणजे मनगटाएवढ्या जाड, लांब पांढऱ्या देठाचे कांदे. गावात ते पोरांपेक्षा जास्त जपले जातात. टेप धरणाऱ्याच्या हातावर कोणी शंका घेत नाही. मान असतो तो एवढाच.

गेल्या सप्टेंबरात शेजारच्या वाफ्यातले रिडली ट्यूलिपचे लीक कोणीतरी सुरीने चिरले. आळ कथबर्टवर आला. त्या आठवड्यात तो व्हिटबीला बहिणीकडे होता, हे सिद्ध झालं आणि मे महिन्यात कोर्टाने त्याला निर्दोष सोडलं.

निकालानंतर गावच्या साप्ताहिकाने पहिल्या पानावर कथबर्टचा हसरा फोटो छापला. शेजारी चिरलेला लीक कवटाळून बसलेला रिडली, आणि खाली त्याचं वाक्य : 'कोणी केलं ते मला पक्कं ठाऊक आहे.' व्हिटबीचा उल्लेख चौदाव्या पानावर, शेवटच्या ओळीत.

कथबर्ट संपादकाकडे गेला.

"एक शब्द खोटा दाखवा, रेनसाहेब."

"शब्द खोटा नाही हो. पण वाचणाऱ्याला काय वाटतं? दुकानात माझ्या बायकोला, हिल्डाला विचारतात, 'सुटला का गं एकदाचा?'"

संपादकाने पुढच्या अंकाची पानं पुढ्यात ओढली.

प्रदर्शनाच्या सकाळी ते भरवणाऱ्या क्लबचा चिटणीस डॉड्स म्हणाला, "यंदा टेप दुसऱ्याकडे देऊ या, कथबर्ट. लोक बोलतात."

"कोर्टाने सांगितलंय ना?"

"कोर्टाला लीकमधलं काय कळतंय!"

कथबर्टने टोपी उचलली. तेवढ्यात रिडली आपले तीन लीक घेऊन पुढे आला.

"माझे हाच मोजेल. नाहीतर घरी नेऊन सूप करतो."

"अरे, तूच म्हणालास ना पेपरात..." डॉड्स म्हणाला.

"चिरले त्याच दिवशी, डोकं फिरलेलं असताना बोललो होतो मी. आठ महिन्यांनी काढून छापलं त्यांनी, मला न विचारता. व्हिटबीचं कळल्यावर मीच गाढव ठरलो. तेव्हाच सांगायला हवं होतं. लाज वाटली."

डॉड्सने टेप पुढे केली. कथबर्टने तिन्ही देठांचे घेर घेतले. रिडलीचा पहिला नंबर अगदी केसभराने हुकत होता.

"जरा सैल धर की रे," रिडली पुटपुटला.

"टेप आहे ही, लेंग्याची नाडी नव्हे," म्हणत कथबर्टने खणखणीत आवाजात आकडा सांगितला. लिहिणाऱ्याने तो लिहून घेतला.

साप्ताहिकाच्या पुढच्या अंकात फक्त विजेत्याचा फोटो आला; रिडली काय बोलला, त्याची एक ओळही नव्हती.