चुंबळीवर शेंडा

डोळखांबच्या त्या सगळ्या पट्ट्यात झाड पाडावं तर सावळ्यानंच, असं लोक म्हणत. लोकांचं काय, त्यांचं लक्ष कुऱ्हाडीकडं. खाली दोर धरून उभी असलेली त्याची बायको, जानी, कोणाच्या हिशेबातच नव्हती. पण झाड पडायचं ते जानी दाखवील तिथंच. हे सावळ्याला ठाऊक होतं आणि जानीला तर पक्कंच ठाऊक होतं. ती बिचारी मनातल्या मनात ठेवून गप्प बसायची, असं मात्र समजू नका. येता-जाता बोलून दाखवायची.

जानी अंगानं किरकोळ, दातांना मिश्री, आणि जीभ अशी की कातकरी वाडीतले बाप्ये तिच्याशी वाद घालायच्या आधी दोनदा विचार करत. तिचं लहानपण जंगलातल्या कोळशाच्या भट्ट्यांवर गेलं. बाप झाडं पाडायचा, आई दोर धरायची. आई गेली आणि दोर जानीच्या हातात आला. लग्न होऊन सावळ्याच्या घरी आली तेव्हा त्याच्याकडं एक चांगली कुऱ्हाड होती आणि तिच्याकडं झाडाचा तोल ओळखणारी नजर होती. दोघांचा संसार तेवढ्यावर उभा राहिला.

झाडाच्या बुंध्यावर शेवटचे घाव पडायच्या आधी ती मोकळ्या जागेत जायची, मान वर करून झाड न्याहाळायची, आणि डोक्यावरची चुंबळ काढून जमिनीवर ठेवायची. मोळी डोक्याला टोचू नये म्हणून चिंध्या वळून केलेली ती साधी चुंबळ. "शेंडा हितं येनार," म्हणायची. आणि शेंडा तिथंच यायचा. चुंबळ खाली चेंगरून जायची. "दर झाडापाठी माजी एक चुंबळ खातो हा बाबा," अशी ती वाडीभर कुरकुर करी. कुरकुर कसली, मिरवणंच ते.

त्या वर्षी दोघं म्हसाच्या जत्रेला गेली. बैलबाजाराशी गर्दी फार होती. जानी पुढं, सावळ्या मागं. थोड्या वेळानं तिनं वळून पाहिलं तर नवरा गायब. शोधत गेली तर हा गडी दुसऱ्याच एका हिरव्या लुगड्याच्या मागं निघालेला, आणि तिला सांगतोय, "जाने, घोंगडी बघायची ना?" ती बाई कावरीबावरी झालेली. जानी पोट धरधरून हसली. घरी येईपर्यंत वाट्टेल ते बोलून त्याला चिडवत राहिली.

रात्री जेवताना मात्र तिचं हसू गेलं. भाकरी ताटाच्या उजव्या बाजूला होती आणि सावळ्याचा हात डावीकडं चाचपडत होता. तिनं चुलीतलं जळतं लाकूड जरा पुढं ओढलं आणि त्याच्या डोळ्यांकडं नीट पाहिलं. दोन्ही बुबुळांवर पांढुरकं आलं होतं. किती दिवसांचं होतं कोणास ठाऊक. तो बोलला नव्हता आणि तिला दिसलं नव्हतं. झाडाचा तोल ओळखणाऱ्या बाईला घरातला माणूस दिसू नये, याचा तिला स्वतःचाच राग आला.

आणि नेमकं त्याच आठवड्यात कुंडलिकचं बोलावणं आलं.

कुंडलिक गावातला जुना शेतकरी. कुळकायद्यात जमीन नावावर झाली तशी त्यानं घर नीट बांधलं होतं आणि आसनगाव स्टेशनावरून बैलगाडीनं मंगलोरी कौलं आणून वर घातली होती. गावातली पहिली कौलं. त्या कौलांवर ओणवा झालेला एक म्हातारा आंबा होता. मोहर धरणं त्यानं कधीचंच सोडलं होतं, नुसता पाला आणि लाल मुंग्या. वैशाखात कुंडलिकच्या मुलीचं, देवकीचं, लग्न होतं. गावजेवणाला लाकूड लागणार, पुढं पावसाळ्याची बेगमी करायची. आंबा आत्ता पाडला तर तोवर वाळेल, असा त्याचा बेत.

"कौलाला धक्का लागता कामा नये, सावळ्या," कुंडलिक म्हणाला.

"आजवर माज्या झाडानं कोनाच्या घराला हात लावलाय का, दादा?" सावळ्या छाती काढून म्हणाला. जानी रोजच्यासारखी कुंडलिकच्या गोठ्यात शेण भरत होती. तिच्या हातातली पाटी तशीच राहिली.

सावळ्याच्या घराण्यात एक रीत होती. झाड पाडायच्या आदल्या संध्याकाळी बुंध्याशी तांदळाचे दाणे टाकायचे, कुऱ्हाड पातं खाली करून बुंध्याला टेकवून उभी ठेवायची आणि म्हणायचं, "उद्या मी येतो. ज्याला जायाचं त्यानं जावं." झाडावर पाखरं असतात, आणखी कोणकोण असतं. सकाळी कुऱ्हाड उभी असली तर झाडाची हरकत नाही. आडवी पडली असली तर त्या दिवशी झाडाला हात लावायचा नाही.

सावळ्यानं कुऱ्हाड उभी केली. सकाळी येऊन बघतो तर ती आडवी.

त्याच्या हयातीत असं झालं नव्हतं. कुंडलिकचा भाऊ गोजर तोंडाचा मोकळा. "आंब्याला तू पसंत नाय रे!" म्हणाला. सावळ्या कसनुसं हसला. संध्याकाळी पुन्हा दाणे टाकले, पुन्हा कुऱ्हाड टेकवली.

दुसऱ्या सकाळीही कुऱ्हाड आडवी. आता कुंडलिक वैतागला. "उद्याचा दिवस बघतो. नायतर शहापूरच्या वखारीतनं चंदरला बोलावतो, करवत घेऊन. मला लगीन करायचंय." एवढं बोलून तो खळ्याकडं निघून गेला.

सावळ्या बुंध्याशी बसला. कुऱ्हाड त्यानं हातानं चाचपली. पातं बुंध्याकडं वळवलेलं, दांडा बाहेर. ही ठेवण त्याच्या ओळखीची होती. त्यांचा बारक्या रांगता होता तेव्हापासून घरात कुऱ्हाड अशीच निजवली जायची, पातं भिंतीकडं, म्हणजे पोराच्या पायाला लागू नये. बारक्या आता वीटभट्टीवर कामाला होता, पण जानीच्या हाताची सवय गेली नव्हती.

"जाने," त्यानं गोठ्याकडं तोंड करून हाक मारली. ती आली. "झाड असं निजवत नाय कुऱ्हाडीला."

जानी सारवासारव करणाऱ्यातली नव्हती. "मीच पाडली. दोनी दिवस. सकाळी गोठ्यात येताना."

"का?"

"तुला दिसत नाय म्हनून."

"कोन बोललं? मला दिसतंय."

"दिसतंय? मग त्या वरच्या फांदीवर काय बसलंय, सांग."

सावळ्यानं मान वर केली, डोळे बारीक केले. "घार," तो म्हणाला.

"काय पन नाय तिथं," जानी म्हणाली.

तिला वाटलं होतं, हा चिडेल, ओरडेल. मग तीही ओरडली असती आणि बरं वाटलं असतं. तो नुसता कुऱ्हाडीच्या दांड्यावरनं बोट फिरवत राहिला.

"मग काय करू?" तो शेवटी म्हणाला. "चुलीपाशी बसू? चंदर येऊन झाड पाडंल आन मी बसून आवाज ऐकू?"

हा माणूस झाडावरनं पडला तर जाईल, आणि चुलीपाशी बसवला तरी जाईल, फक्त जरा हळू. दोन्ही जानीला नको होतं. तिनं पदर खोचला आणि आंब्याभोवती एक फेरी मारली. वर बघितलं. घराच्या बाजूच्या फांद्या, शेताच्या बाजूचा भार, मधली ढोली, शेजारचं महूचं झाड. सगळं झाड तिनं नजरेनं उलगडून पुन्हा जागच्या जागी ठेवलं.

"चढ तू," ती म्हणाली. "हात तुजे, पाय तुजे. बघायचं काम माजं. पन इचारल्याबिगर पाय टाकायचा नाय आन घाव घालायचा नाय. आन इचारायचं ते मोठ्यानं."

"लोकांसमोर?"

"लोकांसमोर. पुटपुटलेलं मला ऐकू येत नाय."

"मी कवा कोनाला इचारलंय?"

"मग उद्या पन कुऱ्हाड आडवी," जानी म्हणाली आणि शेणाची पाटी उचलून चालू लागली.

त्या संध्याकाळी सावळ्यानं कुऱ्हाड टेकवली. सकाळी ती उभी होती.

बघायला सगळी आळी जमली. सावळ्या कमरेला दोराचं टोक बांधून आंब्यावर चढला. चढताना कोणाला शंका यायचं कारण नव्हतं, त्याचे पाय झाड ओळखत होते. दोर त्यानं वरच्या बेचक्यातून खाली सोडला. जानीनं दुसऱ्या टोकाचे महूच्या बुंध्याला वेढे घेतले आणि टोक हातात धरलं. घराच्या बाजूची एकेक फांदी दोराला बांधायची, तोडायची आणि जानीनं दोर सैल करत ती अलगद खाली घ्यायची. ते झालं की झाडाचा सगळा भार शेताकडं, मग बुंध्यावर घाव.

पहिल्या फांदीला सावळ्यानं विचारलं, पण दाढीतल्या दाढीत. जानीनं ऐकू आलं नाही असं दाखवलं. तो थांबला, पुन्हा पुटपुटला. ती महूकडं बघत उभी. मग त्यानं चिडून आपल्याच अंदाजानं फांदी तोडली. फांदी नीट खाली आली. लोकांनी वाहवा केली. झालं, गड्याला चेव चढला.

दुसरी फांदी कौलांच्या बरोबर वर होती. तिच्याकडं जायला तो सरकला आणि पाय टाकायला पुढचा फाटा शोधू लागला. फाटा दिसायला जाडजूड होता. खालच्या अंगानं मात्र तो सगळा पोखरलेला होता, आणि ते खालूनच दिसत होतं.

"थांब!" जानी ओरडली.

सावळ्याचा एक पाय अधांतरी. खाली कुंडलिकची बायको, काशी, तोंडावर पदर धरून उभी होती. जानीचे हात दोरावर घट्ट आवळले होते. आता विचार रे, ती मनात म्हणत होती, आता तरी विचार. मी सांगायला उभी आहे इथं.

मग सावळ्यानं पाय मागं घेतला, छाती भरून श्वास घेतला आणि पार खळ्यापर्यंत जाईल असा आवाज दिला.

"जाने! पाय कुठं टाकू गो?"

"डावीकडं! हातभर वर! तिथं जितं लाकूड हाय!"

गोजर खदाखदा हसला. "काय रे सावळ्या, आता बायकोला इचारून झाड पाडतोस काय?"

"होय!" सावळ्या वरून म्हणाला. "मला दिसत नाय. तिला दिसतं."

कुंडलिकचा चेहरा उतरला. त्यानं आधी आपल्या कौलांकडं पाहिलं, मग वर. "सावळ्या, खाली उतर! मला नको असलं काम!"

"उतरायचा नाय तो," जानीनं दोर न सोडता सांगितलं. "दादा, त्याचे हातपाय हायेत, माजे डोळे हायेत. एक झाड पाडायला आजून काय लागतं? कौलाला धक्का लागला तर आमाला गावात उभं करू नका."

कुंडलिक काही बोलणार होता, पण काशीनं त्याचा हात धरून त्याला मागं ओढलं. "करू द्या तिला," ती म्हणाली.

मग काम असं चाललं की बघणाऱ्यांनी बघतच राहावं. सावळ्या वरून विचारी, जानी खालून सांगे. "घाव घालू?" "थोडं म्होरं." "आता?" "घाल." फांदी मोडायची, दोर महूला करकरत फिरायचा आणि फांदी कौलांना वळसा घालून अंगणात टेकायची. आंब्याची घराकडची बाजू बोडकी झाली तेव्हा सावळ्या उतरला. सर्वांगाला मुंग्या डसलेल्या, तरी चेहऱ्यावर समाधान.

बुंध्याला शेताच्या अंगानं खाच पडली. पुरुषांनी शेतातून दोर ताणला. सावळ्यानं मागच्या अंगानं घाव घालायला कुऱ्हाड उचलली आणि थांबला.

"जाने, शेंडा कुठं?"

जानी चालत गेली. एका हाताला पेंढ्याची उडवी, दुसऱ्या हाताला काशीचं तुळशीवृंदावन. मधल्या वाटेवर तिनं मान वर करून एकदा आंबा बघितला, एक पाऊल सरकली आणि चुंबळ खाली ठेवली. "हितं!" म्हणाली आणि बाजूला झाली.

शेवटच्या घावांना आंबा कुरकुरला, जरा थांबला आणि आडवा झाला. धुळीनं अंगण भरून गेलं. काशी आधी तुळशीकडं धावली. तुळस जागेवर. उडवी जागेवर. कुंडलिक घराभोवती फिरून सगळी कौलं बघून आला आणि जानीच्या पुढ्यात उभा राहिला. मग म्हणाला, "शेंड्याकडचं सगळं लाकूड तुमचं. लग्नाला पन दोघांनी यायचं."

गोजरचा आवाज एव्हाना खाली आला होता. "सावळ्या, माज्या बांधावर पन एक शिरीष हाय रे. लई वाकलाय."

"मला काय सांगतोस?" सावळ्या म्हणाला. "तिला सांग. तिनं बघितला तर आमी दोघं येऊ."

तो पडलेल्या झाडाच्या कडेनं, बुंध्याला हात लावत लावत, शेंड्यापर्यंत चालत गेला. जानी त्याला हात द्यायला पुढं झाली नाही. तो गुडघ्यांवर बसला, पाल्यात खांद्यापर्यंत हात घातला, फांद्या चाचपल्या, जमीन चाचपली. मग त्यानं हात बाहेर काढला. हातात चपटी झालेली, मातीनं माखलेली चुंबळ होती.

ती त्यानं जानीच्या हातात दिली.

"नवी वळून ठेव," सगळ्या आळीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं तो म्हणाला. "उद्या लागंल."