एकदाच मोजलेला बिंदू

आमचे त्र्यंबक सर भलते हट्टी. कोल्हापुरात एकाच कॉलेजात ते गणित शिकवायचे, मी पदार्थविज्ञान. बैजिक भूमितीसारखा विषय, आणि एम.ए. झालेल्या दोन मुलांना ते घरचं खाऊन दर रविवारी संशोधनाला बसवायचे. त्यातली विमला शाळेत शिकवायची. इलाही कागलच्या शिंप्याचा मुलगा. संशोधन मिळून करायचं असतं, असं सर म्हणायचे. मी म्हणायचो, हा काय सार्वजनिक गणपती आहे?

त्यांचा एक नियम होता. एकाला जे सुचलं ते दुसऱ्यानं फळ्यावर सिद्ध करायचं, आणि ज्याला सुचलं त्यानं तोंड उघडायचं नाही. दुसऱ्याला पटवता येत नसेल तर ते अजून खरं नव्हे.

१९५४ साली मुंबईचे एक प्राध्यापक इलाहीचं प्रमेय ऐकायला आले. पसंत पडलं तर शिष्यवृत्ती, नाहीतर कचेरीतली कारकुनी. घरच्यांनी तसं बजावलंच होतं.

विमला फळ्याशी होती. अर्ध्यावर येऊन ती थांबली. एक वक्र स्वतःलाच छेदत होता; तो बिंदू दोनदा धरायला हवा होता, पण एकदाच मोजला होता. पाहुण्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. ती पुढे गेली असती तर निभावलं असतं. मागच्या बाकावर बसलेल्या मला तर वाटलं, जा बाई पुढं.

"हे मला पटत नाही," ती म्हणाली.

पाहुण्यांनी इलाहीला विचारलं, तर तो नियमाप्रमाणे गप्प. शेवटी सरच उठले. ती पायरी मी सुचवली होती, चूक माझी, म्हणाले. पाहुणे सभ्य होते, पण अपुऱ्या सिद्धतेवर शिष्यवृत्ती देता येत नाही म्हणाले आणि गाडीला निघून गेले.

सरांनी इलाहीकडं पाहिलं.

"तुला आधी दिसलं हुतं?"

"व्हय सर. गेल्या आठवड्यात."

"मग बोलला का न्हाईस?"

"पायरी तुमची हुती."

सरांचा चेहरा पडला. मला त्या पोराचा राग आला, सरांचा त्याहून जास्त आला. सगळं शिकवलं आणि गुरूची चूक गुरूला सांगायची, हेच राहिलं.

सर उठले. आपणच महिनाभर घोटलेली एक सिद्धता त्यांनी फळ्यावर लिहिली आणि खडू इलाहीच्या हातात दिला.

"मोड ही. चूक दिसंल तिथं पूस."

इलाही फळ्यापाशी गेला. तिसऱ्या ओळीपाशी त्यानं सरांचं लिहिलेलं पुसलं.