फरासिसांचा खेळ

शनिवार पेठेतल्या दत्तोबा शिंप्याची बायको वारली तेव्हा त्याची पन्नाशी उलटून गेली होती. मूलबाळ नव्हतं. थोरली बहीण तुळजाबाई हिनं खटपट करून वाघोलीच्या रखमाजी शिंप्याच्या मुलीशी त्याचं लग्न जमवलं. सोजरा अकरा-बारा वर्षांची. सुपारी फुटली आणि दत्तोबा मिशांना कलप लावू लागला.

त्याच सुमारास वानवडीला शिंद्यांच्या लष्करात कवायत शिकवणाऱ्या फरासिस, म्हणजे फ्रेंच, साहेबांनी आपल्या मुलखातलं एक जुनं हसवणुकीचं नाटक करायचं ठरवलं. कपडे शिवायचं काम दत्तोबाकडे आलं. कपडे पोचवायला गेला तेव्हा साहेब म्हणाले, थांब, बघूनच जा. मग तो शामियान्यात मागे, गोव्याच्या दुभाष्याशेजारी बसला.

भाषा कळत नव्हती, पण गोष्ट कळत होती. एक म्हातारा कोवळ्या पोरीशी लग्न करायला निघालेला. पोरीचं सोंग एका तरण्या साहेबानं घेतलं होतं. आपल्या तमाशातही पोरगेच नाचतात, त्याचं दत्तोबाला नवल वाटलं नाही. म्हातारा गुडघे टेकून बसला तो उठेना. दत्तोबा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला.

मग म्हाताऱ्यानं छातीवर हात ठेवून पोरीच्या बापाला काही सांगितलं. सगळा शामियाना खदखदला.

"काय म्हणाला?" दत्तोबानं विचारलं.

"म्हणतो, तुमच्या लेकीला सोन्यानं मढवीन."

दत्तोबाचं हसू तिथंच थांबलं. तुळजाबाईच्या तोंडून रखमाजीला त्यानं हाच निरोप धाडला होता. पुढचा खेळ त्यानं पाहिला, पण त्याच्या डोळ्यांपुढे वाघोलीची ओसरी होती. मुलगी बघायला गेला तेव्हा सोजरानं पाण्याचा तांब्या ठेवला, त्याच्या पाया पडली आणि दाराकडे बघत राहिली, नवरा मागून येत असेल म्हणून. तेव्हा त्याला ते दिसलं होतं. त्यानं न दिसल्यासारखं केलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो वाघोलीला गेला.

"रखमाजी, हे लग्न नको."

रखमाजीचा चेहरा उतरला. "पोरीत काय खोट हाय का? मोडलेल्या सोयरिकीची पोर कोण करंल?"

"खोट माझ्यात आहे. तुम्ही सांगा, आम्हीच नकार दिला. म्हातारा आहे, दमेकरी आहे, काय वाटेल ते सांगा. मी नाही म्हणणार नाही."

रखमाजी आत वळून म्हणाला, "भाकरी टाक गं, पाव्हणं जेवून जातील."

पेठेत बोभाटा झाला. "दत्तोबा, म्हातारपण इतकं लवकर कसं आठवलं?" असं एकानं दुकानात येऊन विचारलं. दत्तोबानं मान वर न करता त्याच्या बंडीचं माप घेतलं. तुळजाबाईनं वर्षभर अबोला धरला. तिच्या शब्दाला पेठेत मान होता, तो गेला असं तिला वाटे.

सोजराचं पुढच्या साली चाकणला, तिच्या जोडीच्या मुलाशी लग्न झालं. दत्तोबाला अक्षता आल्या, पण तो गेला नाही. संध्याकाळी चूल पेटवताना आपण उगाच शहाणपणा केला असं कधीकधी त्याच्या मनात येई. मग तो पिठात पाणी घाली आणि भाकरी थापायला बसे.