नातीसाठी आखलेलं मैदान

भूकंपात घर पडलं, तेव्हा मी हैदराबादला गेलो आणि गोल्फच्या मैदानावर गवत कापायच्या कामाला लागलो. तिसरीपर्यंत शिकलेला माणूस, पण त्या मैदानाचा चढउतार मला पाठ झाला. पुढं नात क्लाससाठी लातूरला आली आणि तिच्या सोबतीला मी. खोलीत पुस्तकं घेऊन बसून बसून पोरगी बोलायचीच बंद झाली. मग मागच्या रिकाम्या प्लॉटवर मी तिच्यासाठी गोल्फसारखा, चेंडू घालायचा एक खड्डा खणला. काठी बाभळीची, चेंडू रबरी. वाटेत दगड, काटे, चर, उंचवटा, सगळं ठेवलं. मैदान जेवढं अवघड तेवढं चांगलं, असं माझं ठाम मत.

चार टोले मारून तिनं काठी टाकली. "आबा, हे पण क्लासच झालं. नुसतं अडकत राहायचं. मला ठरवायला काय ठेवलंय तुम्ही?"

मला लई राग आला. माझ्या मैदानाला नावं ठेवते! पण किती दिवसांनी एवढं बोलली होती ती. दुसऱ्या दिवशी मी उजवीकडचे काटे उचलले. तिकडून वाट रुंद झाली, पण खड्डा उंचवट्याआड राहिला. डावीकडून चरात न पाडता चेंडू नेला, तर खड्डा सरळ समोर.

संध्याकाळी ती काठी धरून उभी राहिली. एकदा इकडं बघे, एकदा तिकडं.

"डावीकडून मार," मी म्हणलो.

"आबा, गप बसा हो जरा. मी ठरवायलेय ना!"

बोलताना ती हसत होती. आयुष्यात कुणाचं न ऐकलेला मी, दगडावर जाऊन गप बसलो.